शांततेची तालीम

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शांततेचे शिक्षण हा विषय व्यासपीठावरून मांडावयास सोपा आणि वर्गात उतरवावयास अतिशय अवघड आहे. जी मुले स्वभावतःच समंजस असतात, ज्यांच्या घरी भांडण झाले तरी ते दाराबाहेर जात नाही, त्यांना शांततेचे महत्त्व पटवून देण्यास फारसे श्रम पडत नाहीत. शिक्षकाची कसोटी लागते ती निराळ्याच विद्यार्थ्यापुढे. शब्दाला शब्द देणारा आणि मधल्या सुटीत हात उगारणारा मुलगा, निरीक्षणगृहात आणलेला किशोर, बांधाच्या वादावरून भावकीशी बोलणे टाकलेला आणि ग्रामसभेत बाह्या सरसावून उठणारा तरुण, कारागृहात दीर्घ शिक्षा भोगणारा बंदी, हे सारे या अर्थाने विद्यार्थीच होत. शांततेचा धडा ज्याला सर्वांत अधिक हवा, तोच तो ऐकून घेण्यास सर्वांत कमी तयार असतो, ही या विषयातील मूळ अडचण आहे.

अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत सामान्यतः तीन मार्ग अवलंबिले जातात. पहिला शिक्षेचा, दुसरा उपदेशाचा आणि तिसरा दुर्लक्षाचा. शिक्षेने तो तेवढ्यापुरता गप्प बसतो. उपदेश तो खाली मान घालून ऐकतो आणि दाराबाहेर पडताच विसरतो. दुर्लक्ष केले तर त्याचा राग दुसऱ्या कोणा दुबळ्यावर निघतो. तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी कोणत्याही मार्गाने त्या विद्यार्थ्याला नवे असे काही करता येऊ लागत नाही. कालपर्यंत अपमान झाल्यावर हात उगारणे एवढेच त्याला येत होते आणि आजही तेवढेच येते.

उपदेश अपुरा का पडतो

आपल्याकडील तालमीचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. अंगात रग असलेला पोर तालमीत आला तर वस्ताद त्याला हाकलून देत नाही आणि कुस्तीवर प्रवचनही ऐकवीत नाही. तो त्याला मातीत उतरवितो, पडावे कसे हे आधी शिकवितो, एकेक डाव आणि त्या डावाची तोड शंभर वेळा करवून घेतो. प्रत्यक्ष लढतीत विचार करण्यास सवड नसते. जे अंगवळणी पडलेले असते तेच त्या क्षणी उपयोगी पडते.

रागाचेही असेच आहे. संताप अनावर झाला की शरीर झुंजीच्या तयारीला लागते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात, समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची शक्ती क्षीण होते. त्या क्षणी शांततेवरील सुविचार आठवत नाही, आठवते ती सवय. म्हणून संघर्षाचे निराकरण हा पाठांतराचा विषय नसून सरावाचा विषय आहे. ही केवळ कल्पना नव्हे. हा सराव अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत, अत्यंत आक्रमक म्हणविल्या जाणाऱ्या माणसांकडून करवून घेण्यात आलेला आहे. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या नागपुरापर्यंत येऊन पोहोचतो.

नागपूर ते नॅशव्हिल

जेम्स लॉसन हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुण सक्तीच्या लष्करभरतीस नकार देऊन तुरुंगवास भोगून बाहेर पडला आणि १९५३ मध्ये नागपूरला आला. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात त्याने १९५६ पर्यंत काम केले. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्याने याच काळात जवळून अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून त्याने दक्षिणेकडील राज्यांत काम करावयाचे ठरविले आणि टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरात तरुण विद्यार्थ्यांसाठी अहिंसेचे वर्ग सुरू केले.

या वर्गांत चर्चा होत असे, परंतु वर्गांचा गाभा सरावाचा होता. खुर्च्या मांडून उपाहारगृहाचा देखावा उभा केला जाई. काही विद्यार्थी तेथे शांतपणे बसत आणि त्यांचेच सोबती गोऱ्या टवाळखोरांची भूमिका घेऊन त्यांना शिव्या देत, धक्के मारीत, खुर्चीवरून खाली ओढीत. मार पडू लागला तर डोके कसे झाकावे, सोबत्यावर हल्ला झाला तर मध्ये कसे पडावे, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यावी, हे सारे पुन्हा पुन्हा गिरविले जाई. ज्याला हे सोसवत नसे त्याने मोकळेपणाने तसे सांगावे आणि दुसरे काम पत्करावे, अशी मुभा होती. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. त्यांना मारहाण झाली, अटक झाली, पण त्यांचा तोल सुटला नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शहरातील सहा उपाहारगृहांनी आपली दारे सर्वांना खुली केली. लॉसन यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्या या वर्गांतून तयार झालेल्यांपैकी एक विद्यार्थी होता बर्नार्ड लाफायेट.

येथे कोणी म्हणेल की नॅशव्हिलचे विद्यार्थी महाविद्यालयीन, ध्येयवादी आणि आपखुशीने आलेले होते. रस्त्यावरच्या दांडग्यांचे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शिकागोत मिळते.

शिकागोचे टोळीवाले

लाफायेट पुढे शिकागो शहरात क्वेकर पंथीयांच्या सेवासंस्थेतर्फे काम करू लागले. जानेवारी १९६६ मध्ये खुद्द किंग तेथील एका गलिच्छ वस्तीत भाड्याची खोली घेऊन राहावयास आले. वस्तीवर तरुणांच्या टोळ्यांचे वर्चस्व होते. सुरे आणि पिस्तुले हीच ज्यांची भाषा, असे हे तरुण होते. किंग आणि त्यांचे सहकारी त्यांना टाळून गेले नाहीत. त्यांनी त्यांना घरी बोलाविले, रात्र रात्र त्यांच्याशी वाद घातला. अहिंसा म्हणजे नेभळटपणा, हे टोळीवाल्यांचे मत होते आणि ते त्यांनी तोंडावर सांगितले.

त्या उन्हाळ्यात घरे भाड्याने देताना होणाऱ्या वर्णभेदाविरुद्ध मोर्चे निघाले. तेव्हा या टोळ्यांतील काही तरुणांना मोर्चाचे रक्षक म्हणून नेमण्यात आले. त्यांचे काम एकच होते. मोर्चावर येणारे दगड आणि बाटल्या अंगावर घ्यावयाच्या, स्त्रिया व मुले यांना आड करावयाचे आणि उलट हात उगारावयाचा नाही. दगडांचा अक्षरशः वर्षाव झाला, एक दगड किंग यांनाही लागला. या तरुणांची नाके फुटली, जखमा झाल्या, तरी त्यांच्यापैकी एकानेही प्रतिहल्ला केला नाही, असे किंग यांनी पुढे नमूद केले आहे.

यात शिक्षकाने ध्यानात घ्यावे असे काय आहे? त्या तरुणांना दुबळे होण्यास कोणी सांगितले नाही. त्यांचे धाडस, सोबत्यांविषयीची निष्ठा आणि मार खाण्याची तयारी हे गुण ओळखून त्या गुणांनाच अधिक अवघड काम देण्यात आले. आक्रमक विद्यार्थ्याजवळ शक्ती असते, आणि बहुधा अन्यायाची तीव्र जाणीवही असते. शक्ती काढून घेण्याचा प्रयत्न केला की तो विरोध करतो, आणि शक्तीला काम दिले की तो कुतूहलाने जवळ येतो.

मात्र या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मोर्चे थांबल्यावर शिकागोतील टोळ्या नाहीशा झाल्या नाहीत. ज्या वस्तीत काम नाही, शाळा मोडकळीस आलेल्या आहेत आणि रात्र पडली की पिस्तुलाचेच राज्य आहे, त्या वस्तीत एका उन्हाळ्याचा सराव आयुष्यभर पुरत नाही. तालमीतून बाहेर पडलेल्या मल्लाचा सराव थांबला तर त्याचे अंग सैल पडतेच.

ग्रीन हेवनच्या भिंतींआड

या साऱ्या अनुभवाला शिस्तबद्ध पाठ्यक्रमाचे रूप मिळाले ते न्यूयॉर्क राज्यातील ग्रीन हेवन या कडेकोट बंदोबस्ताच्या कारागृहात, १९७५ मध्ये. त्याच्या चारच वर्षे आधी, सप्टेंबर १९७१ मध्ये, त्याच राज्यातील ॲटिका कारागृहात कैद्यांनी उठाव केला होता. उठाव आणि तो मोडून काढण्यासाठी झालेला गोळीबार यांत कैदी व कर्मचारी मिळून ४३ माणसे मृत्युमुखी पडली. कैद्यांच्या तक्रारी वागणुकीच्या व वैद्यकीय उपचारांच्या होत्या, आणि त्या फार दिवस कोणी ऐकल्या नव्हत्या.

ग्रीन हेवनमधील काही जुन्या कैद्यांचा एक विचारगट होता. वाममार्गाला लागलेल्या अल्पवयीन मुलांना आपल्या अनुभवाच्या आधारे सावरावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु नुसते अनुभवकथन त्या मुलांच्या मनापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी होऊन परिसरातील क्वेकरांकडे अहिंसेच्या प्रशिक्षणाची मागणी केली. क्वेकर वकील लॉरेन्स ॲप्सी आणि बर्नार्ड लाफायेट यांच्या साहाय्याने पहिली कार्यशाळा झाली आणि तिच्यातून ‘हिंसेला पर्याय’ या अर्थाच्या नावाचा उपक्रम उभा राहिला. पुढे तो अनेक कारागृहांत, शाळांत आणि वस्त्यांत गेला. १९९४ च्या नरसंहाराने होरपळलेल्या रवांडातही त्याचे वर्ग झाले. आरंभी ही मागणी विद्यार्थ्यांनी केली होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

या कार्यशाळेची रीत साधी आहे. सुमारे २० तासांचे काम दोन-तीन दिवसांत होते. सर्वजण वर्तुळात बसतात. शिकविणाऱ्याला उंच आसन नाही, तोही वर्तुळातच बसतो आणि प्रत्येक सराव स्वतः करतो. पहिल्याच सत्रात प्रत्येकाने आपल्या नावाच्या आद्याक्षराने आरंभ होणारे एक चांगले विशेषण निवडावयाचे आणि कार्यशाळा संपेपर्यंत त्याच नावाने ओळखले जावयाचे. वर्षानुवर्षे क्रमांकाने किंवा शिवीने हाक मारली गेलेल्या माणसाला ‘शांत’ किंवा ‘समर्थ’ म्हणून कोणी संबोधावे, ही गोष्ट वरवर पोरकट वाटते, तिचा परिणाम मात्र पोरकट नसतो.

नियम मोजकेच आहेत. दुसऱ्यातील चांगले शोधावे आणि बोलून दाखवावे. दुसऱ्याला हिणवू नये, स्वतःलाही हिणवू नये. दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये आणि आपले बोलणे लांबवू नये. ज्याला एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसेल त्याला गप्प राहण्याचा अधिकार आहे. येथे सांगितलेली खाजगी गोष्ट बाहेर जाणार नाही. आणि मुख्य म्हणजे येथे येणारा प्रत्येकजण आपखुशीने आलेला असावा. शिक्षा म्हणून कोणालाही पाठविले जाऊ नये.

यानंतर लहान लहान सराव येतात. दोघादोघांनी बसून एकाने बोलावयाचे आणि दुसऱ्याने केवळ ऐकावयाचे. मध्ये सल्ला नाही, प्रश्न नाही. मग खेळ, मग भूमिका घेऊन भांडणाचा प्रसंग उभा करणे. तोच प्रसंग पुन्हा करून पाहणे आणि कोणत्या वाक्यापाशी तो निराळ्या वळणाने जाऊ शकला असता, ते शोधणे. शेवटी ज्यांना गोडी लागली त्यांना पुढील दोन पायऱ्यांचे प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक बनविले जाते. जन्मठेपेचा कैदी नव्या कैद्यांचा वर्ग घेतो. शत्रुत्वाने आलेल्या विद्यार्थ्याला बाहेरून आलेल्या सज्जनापेक्षा असा मार्गदर्शक अधिक पटतो, कारण रागाची भाषा त्याला ठाऊक असते.

पाच पाकिटांचा खेळ

त्यातील एक सराव आपल्या कोणत्याही शाळेत, जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यावर करता येण्याजोगा आहे. सारख्या मापाचे पाच चौकोन कापावयाचे आणि प्रत्येकाचे तीन तुकडे करावयाचे. हे पंधरा तुकडे मिसळून पाच पाकिटांत घालावयाचे आणि पाच मुलांना एकेक पाकीट द्यावयाचे. प्रत्येकापुढे सारख्या मापाचा एक पूर्ण चौकोन तयार झाला म्हणजे काम संपले. अटी दोनच. कोणी बोलावयाचे नाही, खूणही करावयाची नाही. आणि दुसऱ्याचा तुकडा मागावयाचा किंवा घ्यावयाचा नाही, आपल्याजवळचा तुकडा दुसऱ्याला देता मात्र येतो.

तुकडे असे कापलेले असतात की एखाद्याचा चौकोन लवकर जमून जातो, परंतु त्याच्या त्या जुळणीमुळे बाकीच्यांचे चौकोन कधीच पूर्ण होऊ शकत नाहीत. ज्याचा चौकोन झाला तो हाताची घडी घालून बसतो आणि इतरांना मनात मूर्ख म्हणतो. पुष्कळ वेळ जातो. मग त्याच्या ध्यानी येते की आपला झालेला चौकोन मोडून त्यातला एक तुकडा पलीकडे सरकविल्याखेरीज कोणाचेच काम पुरे होणार नाही. ज्या दांडग्या मुलाला हिसकावून घेण्याची सवय आहे, त्याचे हात या खेळात बांधले जातात आणि देण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. खेळ संपल्यावर शिक्षकाने तात्पर्य सांगू नये. कोणाला केव्हा राग आला, एवढेच विचारावे. पुढचे मुले बोलतात.

छडीचा प्रश्न

‘मारल्यावाचून ही मुले ऐकत नाहीत’ असे अनेक अनुभवी शिक्षक प्रामाणिकपणे म्हणतात. या म्हणण्याला कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई आहे. बालगृहे व निरीक्षणगृहे यांतील शारीरिक शिक्षा २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार दंडनीय आहे. तथापि कायद्याच्या उत्तराने मनाचे समाधान होत नाही, म्हणून एका थोर शिक्षकाचा अनुभव येथे विचारात घेणे उचित ठरेल.

आंतोन माकारेन्को यांनी १९२० मध्ये युक्रेनमधील पोल्ताव्हा शहराजवळ गुन्हेगार व निराधार किशोरांची वसाहत चालविण्यास घेतली. पहिल्या हिवाळ्यात मुले कसलेही काम करीत नसत. एका मुलास त्यांनी सरपण फोडण्यास सांगितले, तेव्हा त्याने अरेतुरेवर येऊन उर्मट उत्तर दिले. माकारेन्कोंचा संयम सुटला आणि त्यांनी त्या मुलाच्या तोंडात मारली. हा प्रसंग त्यांनी आपल्या ग्रंथात स्वतःच लिहून ठेविला आहे. मारहाणीचे समर्थक तो मोठ्या उत्साहाने सांगतात, कारण त्यानंतर मुले कामाला लागली. परंतु खुद्द माकारेन्कोंनी त्या चपराकीला आपली पद्धती म्हटले नाही. तो प्रसंग त्यांनी आपल्या हतबलतेचा म्हणून सांगितला आहे.

वसाहत घडली ती निराळ्याच गोष्टींनी. सर्वांनी मिळून केलेली शेती, मुलांची तुकड्यांत विभागणी, तुकडीचे नायकत्व पाळीपाळीने सर्वांकडे येणे, आणि अपेक्षेपलीकडचा विश्वास. चोरीचा पूर्वेतिहास असलेल्या काराबानोव्ह या तरुणाला माकारेन्कोंनी घोडा देऊन कचेरीतून ५०० रूबल आणावयास पाठविले. तो परत आला. पुढे त्यालाच २,००० रूबल आणावयास पाठविले, आणि तेव्हाही तो परत आला. हा तरुण म्हणजे वास्तवातील सेम्यॉन कालाबालिन. त्याने पुढे आपले सारे आयुष्य अशाच मुलांच्या शिक्षणात घालविले.

आपल्या राज्यालाही विश्वासाच्या या मार्गाची परंपरा आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला तिच्यापासूनच प्रेरणा मिळाली. चित्रपट पाहून डोळे पुसणारे आपण, वर्गातील दांडग्या मुलाच्या हाती शाळेच्या प्रयोगसाहित्याच्या कपाटाची किल्ली देण्यास कचरतो, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

वर्गात काय करता येईल

या अनुभवांतून सामान्य शाळेला पेलतील अशा काही गोष्टी निघतात. पहिली गोष्ट म्हणजे मार खाणाऱ्या मुलाचे संरक्षण. दांडग्याची सुधारणा होईपर्यंत दुबळ्याने सोसावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. भांडणाऱ्यांना आधी दूर करावे, इजा पाहावी, आणि त्या क्षणी प्रवचन करू नये. धडा द्यावयाचा तो राग निवल्यावर, तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी, चारचौघांसमोर नव्हे तर एका बाजूला.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. ‘तू असे का केलेस?’ हा प्रश्न आरोपासारखा लागतो आणि उत्तरात सबब मिळते. ‘काय झाले ते सांग’ असे म्हणून शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि त्याचेच म्हणणे त्याला परत सांगून ‘असेच ना?’ असे विचारले, तर पुष्कळ वेळा अर्धा राग तेथेच उतरतो. हाच सराव दोन भांडणाऱ्या मुलांकडून करवून घेता येतो. समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगितल्यावरच आपले म्हणणे मांडावयाचे, हा नियम ठेवावा.

तिसरी गोष्ट भरपाईची. फोडलेली खिडकी बसविण्यास मदत करणे, फाडलेली वही पुन्हा लिहून देणे, ही शिक्षा नसून दुरुस्ती आहे. चौथी गोष्ट जबाबदारीची. मात्र जबाबदारी म्हणजे दांडग्याला वर्गप्रमुख करून त्याच्या हाती छडी देणे नव्हे. तसे करणे म्हणजे त्याच्या दांडगाईवर शाळेचा शिक्का उमटविणे होय. पाण्याची टाकी, रोपवाटिका, लहान वर्गातील मुलांना रस्ता ओलांडून देणे, अशी जेथे कोणाचे तरी रक्षण करावे लागते ती कामे त्याला द्यावीत. आणि पाचवी गोष्ट सातत्याची. आठवड्यातून एक तास वर्षभर दिला तर काही पदरात पडेल. सप्ताह साजरा करून आणि घोषवाक्ये रंगवून पदरात पडते ते केवळ छायाचित्र.

गाव, तंटा आणि न्याय

पंचायतीच्या सदस्यांपुढे हाच प्रश्न मोठ्या माणसांच्या रूपाने उभा राहतो. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू करण्यात आली आणि गावोगाव समित्या स्थापन झाल्या. बांधाचे, वाटेचे, पाण्याच्या पाळीचे कितीतरी वाद अशा समित्यांपुढे बसून मिटू शकतात. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमातही सामुदायिक मध्यस्थीची तरतूद असून, तीत दोन्ही पक्षांची पूर्वसंमती आवश्यक मानली आहे. ग्रीन हेवनच्या कार्यशाळेतील आपखुशीचा नियम आणि ही पूर्वसंमती यांचे तत्त्व एकच आहे. दडपणाखाली झालेली तडजोड पुढच्या तंट्याचे बीज घेऊन येते.

येथेच सर्वांत मोठी सावधगिरी बाळगली पाहिजे. शांतता आणि निमूटपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. जातीवरून झालेला अत्याचार, स्त्रीवरील हिंसा, बालकाचे लैंगिक शोषण, हे तंटे नव्हेत. ते गुन्हे आहेत आणि त्यांची जागा समितीच्या सतरंजीवर नसून पोलीस ठाण्यात व न्यायालयात आहे. गावाचे नाव तंटामुक्त राहावे म्हणून एखाद्या विधवेने तक्रार मागे घेतली, तर गाव शांत झाले असे नव्हे, तेथे दुबळ्याचा आवाज बंद झाला. नागपूरहून गेलेल्या लॉसन यांनी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना अन्याय सोसावयास शिकविले नव्हते. अन्यायाला न भिता, परंतु हात न उगारता, कसे सामोरे जावे हे शिकविले होते. ग्रामसभेत चढ्या आवाजात बोलणाऱ्या तरुणाची तक्रार खरी असू शकते. त्याचा सूर खटकला म्हणून त्याचा मुद्दा फेटाळला, तर सौम्यपणे बोलून काही उपयोग होत नाही हाच धडा आपण त्याला देतो.

सारांश, शत्रुत्वाने आलेल्या विद्यार्थ्याला शांतता शिकवावयाची तर त्याचा सन्मान, त्याची संमती, सराव, जबाबदारी आणि त्याच्या तक्रारीची दखल या पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांतील कोणत्याही गोष्टीस मोठा निधी लागत नाही, परंतु एक किंमत मात्र मोजावी लागते. शिकविणाऱ्यालाही आपला राग, आपला मानापमान आणि आपला जमून गेलेला चौकोन प्रसंगी मोडावा लागतो. विद्यार्थ्याने आवाज खाली आणावा असे वाटत असेल तर आधी शिक्षकाचा आवाज खाली यावा लागतो, आणि गावाने ऐकून घ्यावे असे वाटत असेल तर सरपंचाने आधी ऐकून घ्यावे लागते. चांगला वस्ताद काठावर उभा राहून डाव सांगत नाही. तो स्वतः लंगोट कसून मातीत उतरतो.